चतुर्थीच्या आधी फोन आवरूया: अ‍ॅप आणि फायली तुम्ही कशा लावता?

तळ्याकाठची (धागाकर्ती)

चतुर्थी जवळ आली की आपल्याकडे गोव्यात घराला रंग लागतो, माळ्यावरची पितळेची भांडी खाली येतात, गणपतीवर फळं-पानं टांगायची माटोळीची लाकडी चौकट पुसून ठेवली जाते. त्याच धांदलीत फोनही आवरून घ्यावा असं मी दरवर्षी मैत्रिणींना सांगत असते, म्हणून यंदा इथेच धागा काढला. चतुर्थीत फोन जेवढा भरतो तेवढा एरवी भरत नाही. माटोळीचे फोटो, आरत्यांचे व्हिडिओ, फुगड्या, मूळ घरी जमलेल्या भावंडांनी ग्रुपवर टाकलेले तेच तेच फोटो. आणि आरती रंगात आली की नेमकं पडद्यावर येतं, जागा शिल्लक नाही.

आधी जागा कुठे जाते ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' आहे. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या दाखवतात, पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या, आणि खाली कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते मोठ्यापासून लहानापर्यंत. सुरुवात तिथूनच करावी. सुप्रभातची चित्रं एकेक करून पुसत बसण्यापेक्षा चार मोठे व्हिडिओ काढले तर जास्त जागा सुटते.

पण मला खरं बोलायचंय ते जागेबद्दल नाही, सापडण्याबद्दल. फोन आवरला म्हणजे नको ते पुसलं, एवढंच लोक धरून चालतात. पुसून झाल्यावरही हवी ती गोष्ट हवी तेव्हा हाताला लागत नसेल तर आवरलं काय? मामलेदार कचेरीत खिडकीवरच्या माणसाने जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागितला की समोरची बाई व्हॉट्सअ‍ॅप उघडते, दिराच्या चॅटमध्ये जाते आणि बोटाने वर वर सरकवत राहते. मागे रांग ताटकळते. उतारा फोनमध्ये असतो, पण दिराने तो कधी पाठवला हे आठवल्याशिवाय तो मिळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की कामाचा कागद चॅटमध्ये राहू देऊ नये. आला की त्याच वेळी 'शेअर' करून किंवा 'सेव्ह' करून आपल्या फोल्डरात न्यायचा आणि नाव बदलायचं.

फोल्डर मोजकेच. 'डॉक्युमेंट्स'मध्ये मी घर-जमीन, दवाखाना, शाळा, मंडळ आणि 'चालू' एवढेच केलेत. 'चालू'मध्ये या महिन्यात लागणारं सगळं: विजेचं बिल, शाळेचा फॉर्म, हयातीच्या दाखल्याची प्रत. काम झालं की कागद आपल्या मूळ फोल्डरात जातो किंवा पुसला जातो. पीडीएफसाठी एक फोल्डर आणि फोटोंसाठी दुसरा, असं फाईलच्या प्रकारावरून लावू नका. डॉक्टरांकडे बसलेलं असताना रिपोर्ट पीडीएफ होता की फोटो हे कुणाला आठवतं? दवाखान्याचं सगळं दवाखान्यात.

तुम्ही कसं लावता ते लिहा. वेगळी पद्धत असेल तर जरूर सांगा.

डिचोलीकर

छान धागा, ताई. एक भर घालतो. पुसण्याआधी नळ बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'मीडिया ऑटो-डाउनलोड' असतं, तिथे मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्हीकडचे व्हिडिओ काढून टाका. मग जो व्हिडिओ आपण स्वतः दाबू तोच उतरतो. शिवाय ग्रुपच्या माहितीत जाऊन 'मीडिया व्हिजिबिलिटी'ला 'नाही' केलं की त्या ग्रुपचे नवे फोटो गॅलरीत दिसत नाहीत, चॅटमध्ये मात्र राहतात. वाड्याच्या ग्रुपला हे केलं आणि गॅलरीत घरचे फोटो पुन्हा दिसायला लागले.

निवृत्त_तलाठी

एक-चौदाचा विषय निघाला म्हणून लिहितो. जमिनीच्या कागदाच्या नावात गाव, सर्व्हे नंबर आणि उतारा काढल्याची तारीख या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. सर्व्हे ४५/२ असेल तर फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, फोन ती घेतच नाही. तिथे आडवी रेघ द्या: '४५-२'. तारीख वर्षापासून लिहा, म्हणजे '२०२५-०७-१४'. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात आणि क्रम बिघडतो. वर्ष आधी असलं की फायली आपोआप जुन्या-नव्या क्रमाने लागतात. कचेरीत ताजा उतारा मागतात, तेव्हा चार उताऱ्यांतला शेवटचा कुठला हे फाईल न उघडता कळायला हवं.

आणखी एक. आकडे मराठी लिहा किंवा इंग्रजी लिहा, पण एकच धरा. दोन्ही मिसळले तर यादीत इंग्रजी आकड्यांच्या फायली एकीकडे आणि मराठी आकड्यांच्या दुसरीकडे जातात.

परवान्याबद्दलही सांगून ठेवतो. वाहन परवान्याचा गॅलरीतला फोटो आणि डिजिलॉकरमधला परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमधला परवाना आणि गाडीचं आरसी मूळ कागदाच्या बरोबरीने धरावं अशी सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ साली राज्यांना दिली. फोटोला ती किंमत नाही. तेव्हा परवान्याचे पाच फोटो गॅलरीत साठवण्याऐवजी डिजिलॉकर पहिल्या पानावर ठेवा.

रायबंदर_फेरी

तुम्हा सगळ्यांचा आदर राखून मी थोडा वेगळा विचार मांडतो. फोल्डर करायला वेळ कोणाकडे आहे? मी दिवसभर पणजीत ऑफिसात असतो, कागद येत राहतात. सगळं गुगल ड्राइव्हवर टाकतो आणि शोधतो. ड्राइव्हच्या अ‍ॅपमधूनच कागद स्कॅन होतो, कडा कापून पीडीएफ तयार होते, आणि छापील अक्षरं शोधातही येतात. गुगल फोटोजमध्ये बिलाचा फोटो असला तर बिलावरचा शब्द टाइप करूनही तो सापडतो. फोल्डर लावण्यात जाणारी अक्कल शोधण्यात घालावी असं माझं मत.

तळ्याकाठची

रायबंदर, तुमची पद्धत पणजीत चालते, माझ्या माहेरी चालत नाही. सत्तरीत आमच्या वाड्यावर रेंज यायची तर अंगणाच्या एका कोपऱ्यात येते, पावसात तीही जाते. ड्राइव्हवरची फाईल 'ऑफलाइन' करून ठेवली नसेल तर ती तिथे उघडत नाही. ज्यांचं सगळं आयुष्य रेंजमध्ये जातं त्यांनी शोधावर विसंबावं. बाकीच्यांचे निदान पाच-दहा महत्त्वाचे कागद फोनच्या आत हवेत.

दुसरी अडचण लेखनाची. एकाच घरात कोणी 'सर्व्हे' लिहितो, कोणी 'सर्वे', कोणी इंग्रजीत. शोध यातलं एकच पकडतो. हाताने लिहिलेली जुनी पावती तर शोधात येईलच असं नाही. म्हणून नाव द्यावंच लागतं, मग फाईल कुठेही ठेवा. स्कॅनचं मात्र शंभर टक्के पटलं. कागदाचा तिरका, सावली पडलेला फोटो काढण्यापेक्षा स्कॅन केलेली पीडीएफ कचेरीत वाचता येते आणि तिच्यात सगळी पानं एकत्र राहतात.

घुमट_आणि_समेळ

आमच्या आरती मंडळाचा प्रश्न वेगळा आहे. आम्ही वाजवलेलं रेकॉर्ड करतो. घुमटाला २०१९ साली राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला तेव्हापासून पोरं जास्तच हौसेने रेकॉर्ड करतात. पण प्रत्येकाच्या फोनमध्ये 'न्यू रेकॉर्डिंग १७', 'न्यू रेकॉर्डिंग १८' अशा फायली पडून आहेत. आमच्या म्हाताऱ्या गुरुजींनी सांगितलेली एक जुनी चाल त्यातल्याच कुठल्यातरी फाईलमध्ये आहे आणि ती शोधायला सगळ्या ऐकाव्या लागतात. यावर उपाय सांगा.

तळ्याकाठची

बाब, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण उतारा पुन्हा काढता येतो, पण गुरुजींचा आवाज नाही.

रेकॉर्डिंग थांबवलं की बहुतेक फोन तिथल्या तिथे नाव विचारतो. तेव्हाच लिहायचं, घरी जाऊन लिहू म्हणायचं नाही. आमच्या भजनी मंडळात आम्ही असं लिहितो: '२०२५-०८-२८ आरती सुखकर्ता, जुनी चाल, गुरुजी गातात, मोठं घर'. लांब वाटतं, पण पुढच्या पिढीतल्या कुणी उघडलं तरी कोण, काय, कुठे हे कळतं. शिवाय रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्यांदा तोंडाने बोलून घ्या: आज अमुक तिथी, अमुक घर, घुमटावर कोण, समेळावर कोण. उद्या फाईलचं नाव कोणी बदललं तरी ही ओळख आतल्या आत राहते. ही सवय मंडळातल्या एका काकूंनी लावली, आणि जुनी रेकॉर्डिंगं ओळखायला तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

दर्जाबद्दल. वेव्ह फाईल चांगल्या दर्जाच्या स्टिरिओमध्ये मिनिटाला साधारण १० एमबी घेते, एम-फोर-ए प्रकारची १ एमबीच्या आसपास. रोजच्या सरावाला एम-फोर-ए पुरे. गुरुजी बसून शिकवतात तेव्हा वेव्ह घ्या. आणि सुंवारीचा (घुमटवादनाचा) व्हिडिओ एकमेकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान केला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाईल आहे तशी जाते.

मडगावचा_दुरुस्तीवाला

माझ्या टेबलावर पावसाळ्यात रोज भिजलेले फोन येतात म्हणून दोन शब्द. गिऱ्हाईक पहिलं वाक्य बोलतं ते फोनबद्दल नसतं. "फोटो तेवढे काढून द्या" हे असतं. लोकांना वाटतं आतली चिप काढून दुसऱ्या फोनला लावली की फोटो मिळतील. तसं होत नाही. हल्लीच्या फोनमधला सगळा साठा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच फोनच्या बोर्डावर असते. बोर्ड गेला की साठवलेलं जवळजवळ गेलंच. भिजला तर चार्जिंगला लावू नका, तांदळात पुरू नका, बंद करून आणा. पण त्याही आधी दुसरी प्रत कुठेतरी असू द्या.

मेमरी कार्डाबद्दल विचारतात. कार्ड दोन तऱ्हेने लागतं. एक साधं, ते काढून दुसरीकडे वाचता येतं. दुसऱ्या तऱ्हेत, काही अँड्रॉइड फोनांत, कार्ड फोनच्या आतल्या साठ्याचाच भाग करता येतं. तसं केलेलं कार्ड दुसऱ्या कुठल्याही फोनला वाचता येत नाही. कार्ड घातल्यावर फोन विचारतो तेव्हा वाचून मग दाबा. आणि कार्ड जुन्या फॅट-३२ पद्धतीचं असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल त्यावर बसत नाही, लांब भजनाचा व्हिडिओ तिथेच अडतो. मी तर सांगेन, कार्डापेक्षा फोनला लागणारा पेनड्राइव्ह घ्या, सणानंतर फायली त्यावर उतरवा आणि तो कपाटात ठेवा.

'फोन साफ करतो, वेग वाढवतो' म्हणणारी अ‍ॅप टाकू नका. त्यांतली कित्येक जाहिराती दाखवत बसतात आणि सगळ्या फायली बघण्याची परवानगी घेतात. 'फाइल्स बाय गुगल' पुरे आहे: दुहेरी फायली, मोठ्या फायली, न वापरलेली अ‍ॅप, सगळं दाखवतं, आणि पुसलेलं ३० दिवस कचरापेटीत ठेवतं.

'डाउनलोड' फोल्डर उघडून बघा. शेवटी एपीके असं नाव असलेली फाईल (म्हणजे अ‍ॅप बसवणारी) दिसली आणि ती तुम्ही स्वतः मुद्दाम आणलेली नसेल, तर न उघडता पुसा. लग्नाची पत्रिका, विजेची थकबाकी, वाहनाचा दंड अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर अशा फायली फिरतात. उघडून परवानगी दिली की एसएमएस वाचले जातात आणि बँकेचं खातं रिकामं होतं. पत्रिका कधी एपीके नसते. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर फोन करा.

काणकोणची_सून

माझा एक भीतीचा प्रश्न आहे. गुगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' असं येतं. ते दाबलं तर फोटो जातात का? जाऊबाई म्हणतात जातात, नवरा म्हणतो नाही. मी दाबलेलं नाही.

रायबंदर_फेरी

वहिनी, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. 'फ्री अप स्पेस' दाबलं की ज्या फोटोंची प्रत गुगलवर पोचली आहे तेवढेच फोनमधून काढले जातात. गुगल फोटोज उघडलं की ते दिसत राहतात, फक्त बघायला इंटरनेट लागतं. पण त्याच अ‍ॅपमध्ये फोटो निवडून तुम्ही कचऱ्याचं चिन्ह दाबलंत तर तो फोनमधूनही जातो आणि गुगलवरूनही. कचरापेटीत ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. प्रत गेलेली नसेल तर मुदत ३० दिवस. जाऊबाईंनी बहुधा हे दुसरं केलं असावं.

दाबण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमच्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवलं की 'बॅकअप पूर्ण' असं दिसतंय का? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आपोआप गुगलवर जात नाहीत, त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा सुरू करावा लागतो. पुष्कळ लोकांना हे ठाऊकच नसतं.

फुकटची जागा १५ जीबी आहे, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिन्ही आले. १ जून २०२१ पासून फोटोंची फुकट अमर्याद साठवण बंद झाली. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्याच १५ जीबीत मोजला जातो, म्हणून त्या बॅकअपमध्ये व्हिडिओ घेण्याची खूण बंद ठेवा.

डिचोलीकर

शेवटचं वाक्य सोपं करून: व्हॉट्सअ‍ॅप, सेटिंग्ज, 'चॅट्स', 'चॅट बॅकअप', तिथे 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद.

काणकोणची_सून

धन्यवाद दोघांनाही. बघितलं, बॅकअप पूर्ण आहे. आणखी विचारते. सासूबाईंना नवा फोन घेतला. त्यांना सगळी अ‍ॅप बघून गोंधळायला होतं आणि मग त्या फोनच बाजूला ठेवतात. काय करू?

तळ्याकाठची

सासूबाईंच्या पहिल्या पानावर त्या रोज वापरतात तेवढंच ठेव. फोन, व्हॉट्सअ‍ॅप, कॅमेरा, भजनं ऐकायचं अ‍ॅप आणि दोन-तीन माणसं. हो, माणसंसुद्धा ठेवता येतात. अँड्रॉइडवर 'काँटॅक्ट'चं विजेट लावलं की मुलाच्या फोटोवर बोट ठेवून सरळ फोन लागतो. अक्षर मोठं कर. बाकीची अ‍ॅप काढून टाकायची गरज नाही, पानावरून उचलली की ती आतल्या यादीत असतातच. आणि एकदा जागा ठरवली की हलवू नकोस. वयस्कर माणसं नाव वाचून दाबत नाहीत, जागेवरून ओळखतात. 'होम स्क्रीन लेआउट लॉक' करायची सोय बहुतेक फोनांत आहे, ती चालू कर, म्हणजे चुकून बोट दाबून राहिलं तरी चिन्हं हलणार नाहीत.

पानं नीट लागल्यावर त्यांच्या समोर बसून त्यांनाच फोन लावायला सांग, तू हात लावू नकोस. बोट कुठे अडतं ते बघ आणि तेवढंच बदल.

निवृत्त_तलाठी

अ‍ॅप काढण्याबद्दल एक सावधगिरी. बँकेचं किंवा लॉगिनसाठी आकडे दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जागा होत नाही म्हणून उडवू नका. ऑथेंटिकेटर आधी दुसऱ्या फोनवर न्यावं, मग काढावं, नाहीतर खात्यात शिरायचं दार बंद होतं. तसंच 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' यांत फरक आहे. कॅशे म्हणजे अ‍ॅपने तात्पुरतं साठवलेलं, ती पुसली तर काही बिघडत नाही, अ‍ॅप ती पुन्हा तयार करतं. डेटा पुसला तर ते अ‍ॅप कोरं होतं.

रायबंदर_फेरी

वर्षातून एकदाच लागणारी अ‍ॅप असतील तर 'अर्काइव्ह' करा. अँड्रॉइड १५ मध्ये ते सरळ अ‍ॅपच्या माहितीतच मिळतं. अ‍ॅपचा मोठा भाग जातो, चिन्ह आणि तुमची माहिती राहते, दाबलं की परत उतरतं. आयफोनवाल्यांना हेच 'ऑफलोड' या नावाने मिळतं.

घुमट_आणि_समेळ

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आम्ही सहाजण जमलो आणि जुनी रेकॉर्डिंगं ऐकायला बसलो. गुरुजींची चाल सापडली, एका पोराच्या फोनमध्ये एक लांब फाईल होती तिच्या मध्यभागी. आता सगळ्यांच्या फायली एका जागी आणायच्या आहेत. ड्राइव्हवर मंडळाचा फोल्डर केला तर कोणीही पुसेल अशी भीती वाटते.

तळ्याकाठची

फार बरं वाटलं वाचून!

फोल्डर मंडळाच्या वेगळ्या गुगल खात्यावर करा, कोणा एकाच्या खाजगी खात्यावर नको. माणूस मंडळ सोडतो, फोन बदलतो, आणि खातं दोन वर्षं वापरात नसेल तर गुगल ते बंद करू शकतं. खात्याचा पासवर्ड दोघांकडे असू द्या. मग फोल्डर 'शेअर' करताना बाकी सगळ्यांना 'व्ह्यूअर' करा, त्यांना ऐकता आणि उतरवता येईल, पुसता येणार नाही. फायली टाकायचं काम दोघांनीच करावं, त्यांना 'एडिटर' करा. सगळं चढलं की एक प्रत पेनड्राइव्हवर, तो गुरुजींच्याच घरी ठेवा.

त्या लांब फाईलमधून चाल कापून वेगळी कराल, पण मूळ अख्खी फाईलही ठेवा. मध्ये गुरुजी जे समजावून सांगतात ते कापताना जातं. ऐकताना कोणत्या मिनिटाला चाल सुरू होते ते फाईलच्या नावातच लिहून टाका.

घुमट_आणि_समेळ

बाराव्या मिनिटाला सुरू होते. नाव बदललं. मंडळाचं खातं आज संध्याकाळी करतो, आणि 'व्ह्यूअर'चा दुवा इथेही देतो, गुरुजींना विचारून.